शाळा सुटली, दहावी सुटलेली नाही



गळीत हंगाम संपला की गट ऑफिसातली वर्दळ कमी होते. टोळ्या आपापल्या गावी गेलेल्या असतात, चिटबॉयची धावपळ थांबलेली असते आणि कारकुनाला दोन घटका बसून बोलायला सवड मिळते. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी या अंकाचा मजकूर गोळा करण्यासाठी आम्ही एका गट ऑफिसात बसलो होतो. ऊसनोंदीच्या कामाला एक जुने सभासद आले होते. सोबत त्यांची सून होती. कारकुनाने नोंदीचा कागद पुढे केला, तो तिने स्वतः वाचला. लागणीची तारीख चुकीची पडली होती, ती दाखवून दिली. दोन गटांतल्या क्षेत्राची बेरीज गुंठ्यांसह तोंडी केली. कारकुनाची बेरीज चुकली होती, तिची बरोबर निघाली.

आम्ही सहज विचारले, "ताई, शिक्षण किती झालंय?"

ती गप्प झाली. उत्तर सासऱ्यांनी दिले. "आठवी झालीया. पुढं आमीच लगीन केलं. आता अंगणवाडीची जागा निघाली तरी तिला अर्ज करता येत न्हाई. डोस्कं हाय, पण कागुद न्हाई."

डोके आहे, पण कागद नाही! आमच्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात असे किती जण असतील याचा विचार आम्ही त्या दिवशी परतीच्या वाटेवर केला. घरोघरी सापडतील. सोसायटीचे व्याज मनात काढणारी, ठिबकच्या खताचे प्रमाण बिनचूक सांगणारी, पोराचा अभ्यास घेणारी माणसे. आणि अर्जावर शिक्षणाचा रकाना आला की पेन थांबते. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

काट्यावर काय पाहतात?

आपण ऊस कारखान्यावर आणतो. काट्यावर गाडी चढते तेव्हा उसाचे वजन होते. तुम्ही त्या उसाला किती वेळा पाणी दिले, किती रात्री बांधावर काढल्या, हे काटा विचारत नाही. पुढे प्रयोगशाळेत रस तपासतात, साखरेचा उतारा काढतात. तिथेही ऊस कोणत्या शिवारातून आला याला किंमत नाही, रसात काय आहे त्याला आहे.

परीक्षेचेही खरे म्हणजे असेच असायला पाहिजे. विद्यार्थी वर्गात किती दिवस बसला हा एक भाग, आणि त्याला विषय किती आला हा दुसरा भाग. शाळेत नियमित जाणाऱ्या मुलाला पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असते. लहान मुलांच्या बाबतीत ती योग्यच आहे. पण ज्याची शाळा वीस वर्षांपूर्वी सुटली, तो आता हजेरी कुठून आणणार? त्याने वर्गाबाहेर विषय शिकून घेतला असेल, तर त्याला काट्यावर चढू द्यायचे की गेटवरूनच परत पाठवायचे, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्यात फार पूर्वीच दिले गेले आहे. गेटवरून परत पाठवत नाहीत. वाट आहे. तिचे नाव खेड्यापाड्यात सर्वांना ऐकून माहीत आहे, पण नीट माहिती थोड्यांनाच आहे. ती वाट म्हणजे 'सतरा नंबरचा फॉर्म'.

सतरा नंबर म्हणजे काय?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. मंडळाचे मुख्य कार्यालय पुण्यात असून पुणे, कोल्हापूर, नाशिक, लातूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, अमरावती, मुंबई आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळे आहेत. शाळेत न जाता 'खाजगी विद्यार्थी' म्हणून परीक्षेला बसायचे असेल, तर मंडळाकडे जो नावनोंदणी अर्ज करावा लागतो तो नमुना नंबर सतरा. लोक त्याला 'बाहेरून दहावी' म्हणतात.

दहावीसाठी उमेदवाराचे वय चौदा वर्षे पूर्ण पाहिजे आणि तो किमान पाचवी उत्तीर्ण पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरतात. तो भरताना जवळपासची एक शाळा 'संपर्क केंद्र' म्हणून निवडावी लागते. कागद तिथे दाखवायचे, आणि तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापन हे सर्व तिथेच होते. बारावीसाठी दहावी पास पाहिजे आणि दहावी होऊन दोन वर्षे उलटलेली पाहिजेत. तिथे शाळेऐवजी कनिष्ठ महाविद्यालय हे संपर्क केंद्र असते.

परीक्षा वेगळी नसते. नियमित विद्यार्थ्यांचाच अभ्यासक्रम, तीच प्रश्नपत्रिका, तेच पस्तीस टक्के. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्रे असे सहाशे गुणांचे विषय. पास झाल्यावर प्रमाणपत्र त्याच मंडळाचे आणि त्याच मोलाचे. 'बाहेरून दिली म्हणजे कच्ची दहावी' असे कोणी म्हणत असेल तर ते अज्ञान आहे.

एका सुनेची दहावी

वर ज्या सूनबाईंचा उल्लेख केला, त्यांची हकिगत सांगतो. नाव देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण वाट चालताना कुठे कुठे ठेच लागते ते कळावे म्हणून सांगणे जरूर आहे.

पहिली ठेच दाखल्याची. शाळा माहेरची, दुसऱ्या तालुक्यात. दाखला घरात सापडेना. भाऊ दोनदा शाळेत गेला, जुने रजिस्टर काढायला लावले, तेव्हा दुय्यम प्रत मिळाली. दुसरी ठेच नावाची. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. आमच्या कित्येक भगिनींचे पाऊल इथेच अडते. बाईंना वाटले, आता नाव बदलण्यात वर्ष जाणार. पण मंडळाचा अर्ज शाळेच्या दाखल्यावरील नावाप्रमाणे भरायचा असतो हे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितले, लग्नाच्या नोंदीचा कागद सोबत ठेवायला सांगितला, आणि ते काम मार्गी लागले.

तिसरी ठेच जरा कडू आहे. ज्या पहिल्या शाळेत त्या चौकशीला गेल्या, तिथे "या वयात कशाला? पोराला बसवा परीक्षेला" असे ऐकून परत आल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सासरेच म्हणाले, "चल, दुसरी साळा बगू. कारखाना एकच हाय म्हणून ऊस वाळवतूय व्हय आपण?" दुसऱ्या शाळेने आपुलकीने कागद घेतले. आम्ही शाळांचे दोष काढायला बसलेलो नाही, पण दारात आलेल्या मोठ्या माणसाला असे बोलू नये एवढे नक्की म्हणू. त्याला ते दार गाठायला पंधरा-वीस वर्षे लागलेली असतात.

अभ्यास पहाटे. धारा काढायच्या आधी तास-दीड तास आणि रात्री पोरगा अभ्यासाला बसला की त्याच्या शेजारी. पोरगा नववीला होता. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, ती पोराने मोबाइलवर घेऊन दिली. रात्रीच्या लाईटला पाण्याची पाळी असली की पूर्वी बाईच मोटार चालू करायला जात, त्या वर्षी सासरे गेले. हा मोठा भाग आहे. घरातल्या एकाने तरी काम वाटून घेतल्याशिवाय बाईमाणसाची दहावी होत नाही.

शेकडेवारी, व्याज, क्षेत्रफळ त्यांना येतच होते. पुस्तकातली भाषा फक्त नवी होती. "हे तर मी रोजच करते, याला सूत्र म्हणतात हे ठाऊक नव्हतं," असे त्या आम्हाला म्हणाल्या. मराठी, इतिहास, भूगोल जमले. भूमितीने घाम फोडला. आणि इंग्रजीने तोंडचे पाणी पळवले.

मार्चच्या परीक्षेत इंग्रजीत गेल्या. बाकी सगळे विषय सुटले. गावात बोलणारे बोललेच. पण सुटलेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, त्यात सूट मिळते. मंडळाची पुरवणी परीक्षा पावसाळ्याच्या तोंडाशी होते, तिला फक्त इंग्रजी देऊन त्या पास झाल्या. निकालाच्या दिवशी सासऱ्यांनी आम्हाला फोन केला आणि एकच वाक्य बोलले, "कागुद बी आला."

आता दोन वर्षांचे अंतर पुरे झाले की त्यांना बारावी द्यायची आहे. अंगणवाडीसाठी आता बारावी लागते. तोपर्यंत जागा राहील की नाही कुणास ठाऊक. पण त्या म्हणतात, "जागा गेली तर दुसरी निघंल. दहावी आता कुनी काढून घेऊ शकत न्हाई."

एकेक विषय सोडवायचा असेल तर

सहा विषय एका दमात देणे सर्वांना झेपत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली मुक्त शाळेचा एक प्रकल्प सुरू केला. त्यातून १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले, आणि २००२ पासून त्याचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. बोलताना लोक 'एनआयओएस' म्हणतात. दहावीच्या पातळीला मराठी माध्यमातूनही परीक्षा देता येते. वयाची अट चौदा वर्षे.

इथली रीत अशी, की एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच विषय पास व्हायचे, त्यात भाषा पाहिजे. पण पाचही एकदम दिले पाहिजेत असे नाही. या खेपेला दोन दिले, पुढच्या खेपेला एक दिला, तरी पास झालेला विषय खात्यावर जमा राहतो. आपल्या पतसंस्थेत बचत साठावी तसाच हा प्रकार. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात काही विषय पास झाले असतील, तर नियमात बसणारे दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे वळते करून घेण्याचीही सोय आहे. घरी सोडवून द्यायचे स्वाध्याय असतात, ते मात्र वेळेवर दिले पाहिजेत. गणिताची भीती वाटणाऱ्यास विषय निवडायला वाव आहे. तरी पुढे कशासाठी दहावी लागणार आहे ते आधी पाहावे आणि मग विषय घ्यावेत. नाहीतर नोकरीच्या जाहिरातीत गणित मागितले की पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांची चौथी-पाचवीच झालेली नाही, त्यांनीही निराश व्हायचे कारण नाही. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या परीक्षा पाचवी आणि आठवीच्या पातळीच्याही आहेत. पायरी-पायरीने चढता येते.

कोयत्याच्या हंगामातली परीक्षा

आपण सभासद ऊस पिकवतो, तो तोडतो कोण? बीड, पाथर्डी, जत या भागांतून येणाऱ्या टोळ्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला त्या येतात आणि मार्च-एप्रिलला परत जातात. मंडळाची दहावी होते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. कोप्यावर राहणाऱ्या पोराचे पाचटाच्या धुरात काय पाठांतर होणार? आजीजवळ गावी राहिले तर ठीक. गावोगावी हंगामी वसतिगृहांची सोय सरकारने केली आहे, तीही उपयोगी पडते. पण थोरल्या पोरीला धाकट्यांना सांभाळायला सोबत आणले, की तिची शाळा पट्ट्यावरच बुडते.

इथे आमचे स्पष्ट मत आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा मिळालीच पाहिजे, तो त्याचा कायद्याने हक्क आहे. त्याला बाहेरून परीक्षेची वाट दाखवून मोकळे व्हायचे नाही. पण जे पंधरा-सोळाचे झाले, शाळेतून नाव कमी झाले, हातात कोयता आला, त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाची एप्रिल-मेची परीक्षा सोयीची पडते, कारण तोवर टोळी गावी परतलेली असते. ही एवढी गोष्ट मुकादमाला ठाऊक असली तरी पाच-दहा पोरांचे भले होईल. आमच्या गटांतल्या चिटबॉय मंडळींना विनंती आहे, की टोळीत कोण कितवीपर्यंत शिकले आहे हे सहज विचारून ठेवा. विचारायला पैसे पडत नाहीत.

हातातली कला आणि हातातला कागद

आपल्याच कारखान्यात पाहा. साखर किती शिजली हे पॅनवरचा जुना माणूस काचेवर नमुना घेऊन, दाणा बोटांनी चोळून सांगतो. ही विद्या त्याला कोणत्या वर्गात मिळाली? बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र कसे मिळते? बॉयलरवरच्या ठरलेल्या अनुभवाचा दाखला द्यावा लागतो, परीक्षेला बसावे लागते, आणि परीक्षक तोंडाने प्रश्न विचारून पारखून घेतात. पाणी कमी झाले तर काय कराल, सेफ्टी व्हॉल्व्ह का बसवतात? उत्तरे आली तर प्रमाणपत्र. म्हणजे विद्या दाखवा आणि कागद न्या, ही रीत आपल्या कारखान्याला नवी नाही.

आयटीआय झालेल्यांसाठी आणखी एक सोय आहे. फिटर, वायरमन, वेल्डर अशी पोरे ट्रेड पास होतात, पण पुढे पदवीला किंवा काही भरत्यांना दहावी-बारावी मागतात. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याने मंडळाची ठरलेल्या भाषा विषयांची परीक्षा दिली, तर आयटीआयचे गुण वळते करून घेऊन दहावीच्या किंवा बारावीच्या दर्जाची सोय केली आहे. आठवीनंतर ट्रेड केलेल्यास दहावी, दहावीनंतर केलेल्यास बारावी. याला कागदोपत्री 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट' म्हणतात. आपल्या वर्कशॉपमधल्या मुलांनी याची चौकशी अवश्य करावी.

तसेच २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीच येत असलेल्या कामाची पारख करून प्रमाणपत्र देण्याचा भाग ठेवला गेला. गवंडी, सुतार, वायरमन यांनी पुन्हा पहिलीपासून शिकायचे नाही, येते ते करून दाखवायचे. या प्रमाणपत्राने दहावी होत नाही हे मात्र ध्यानात ठेवावे.

परमुलखात काय चालते?

हा विचार एकट्या आपल्याच मुलखातला नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच, आपल्या कॉलेजात न शिकलेल्यांना पदवीच्या परीक्षेला बसू देण्याचे ठरवले. अमेरिकेत १९०६ साली शाळेच्या विषयाचे माप ठरले, एका विषयाला वर्षाचे सुमारे १२० तास. तितके तास बसले की विषय खात्यावर जमा. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोरे शाळा अर्धी टाकून फौजेत गेली. त्यांना परत येऊन पोरसवदा मुलांत बसवायचे का, म्हणून १९४२ साली त्यांच्यासाठी एक स्वतंत्र परीक्षा तयार केली. ती पास झाली की शाळा पुरी झाल्याच्या तोडीचा कागद. ती परीक्षा पुढे साध्या नागरिकांनाही खुली झाली.

आता तर तिथल्या टेक्सास राज्यात हायस्कूलच्या मुलाला एखादा विषय आधीच येत असेल, तर वर्गात न बसता परीक्षा देऊन तो विषय जमा करून घेता येतो. पण मेख पाहा. तो विषय वर्गात मुळीच न शिकलेल्याला शंभरात ऐंशी गुण मिळवावे लागतात. हजेरीची सूट दिली, पण काटा सैल केला नाही, उलट घट्ट केला. हा मुद्दा आपण लक्षात घेण्यासारखा आहे.

तीन गोष्टींपासून सावध

आता थोडे कडक बोलतो. राग मानू नये.

पहिली गोष्ट, एजंट. 'घरबसल्या दहावी, पासची गॅरंटी' अशा पाट्या तालुक्याच्या गावी लागलेल्या दिसतात. ओळखीतल्या एका तरुणाने शेळ्या विकून अशा माणसाला पैसे दिले. प्रमाणपत्र सुबक छापलेले आले, वर शिक्का, खाली सही. भरतीत पडताळणी झाली तेव्हा कळले, असे मंडळच मान्यताप्राप्त नाही. पैसे गेले, वय गेले, शिवाय चौकशीचा ससेमिरा. ज्या मंडळाचे नाव पहिल्यांदाच ऐकता आहात, त्याची चौकशी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागात करा आणि मगच खिशात हात घाला. पासची गॅरंटी कोणतेही खरे मंडळ देत नाही.

दुसरी गोष्ट, कॉपी. आपण सभासद वजनकाट्याच्या बाबतीत किती जागरूक असतो! काटामारीचा नुसता संशय आला तरी सभा डोक्यावर घेतो, आणि घ्यायलाच पाहिजे. मग परीक्षेच्या केंद्राबाहेर भिंतीवर चढून चिठ्ठ्या टाकतो ती कोणती मारी? वर्गात न बसलेल्या माणसाजवळ आपली विद्या दाखवायला परीक्षा हा एकच काटा आहे. तोच खोटा ठरला, तर उद्या बाहेरून खरी दहावी झालेल्या त्या सूनबाईंच्या कागदाकडेही लोक संशयाने पाहतील. तिच्या पहाटेच्या अभ्यासाची ती चोरी आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या विषयावर आम्ही एका गटात बोललो तेव्हा एक सभासद म्हणाले, "मग बरंच झालं की. पोरगी आठवीत हाय, काढतो साळंतनं. घरातलं काम बी हुईल आन् सतरा नंबर बी भरता यील." आम्ही तिथल्या तिथे त्यांना सांगितले आणि इथेही लिहितो. असे करू नका. ही वाट, जिची शाळा सुटली तिच्यासाठी आहे. जिची सुटलेली नाही तिची सोडवण्यासाठी नाही. आडसाली उसाला पंधरा-सोळा महिने लागतात तेव्हा तो पक्व होतो. मधेच तोडला तर वजनही नाही आणि उताराही नाही. वर्गात नुसता धडा शिकवत नाहीत. प्रयोग करायला मिळतो, न कळलेले विचारायला मास्तर असतो, बरोबरीच्या मैत्रिणी असतात. घरात बसवलेल्या पोरीच्या हातात पुस्तक दिसत नाही, चूल दिसते, आणि चुलीपाठोपाठ पाहुणे दिसतात. मग वीस वर्षांनी तिचा सासरा गट ऑफिसात येऊन म्हणणार, डोस्कं हाय पण कागुद न्हाई. ही साखळी आपणच तोडायची आहे.

आता करायचे काय?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांनी रयतेच्या पोरापर्यंत शाळा नेली. सहकारी साखर कारखानदारीनेही आपल्या माळरानावर शाळा-कॉलेजे उभी केली. पण त्या काळात जे मागे राहिले त्यांची वये आज तीस, चाळीस, पन्नास आहेत. शाळा त्यांच्या दारात आली, तोवर त्यांची शाळेची वेळ टळून गेली होती. त्यांचे देणे अजून बाकी आहे.

आम्ही संचालक मंडळापुढे तीन साध्या मागण्या ठेवल्या आहेत. सतरा नंबरच्या आणि मुक्त विद्यालयाच्या अर्जाच्या तारखा मंडळाने जाहीर केल्या, की त्या प्रत्येक गट ऑफिसच्या फलकावर लावाव्यात. दरवर्षी तारखा बदलतात आणि लोक मुदत टळल्यावर जागे होतात. दुसरी, गट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सभासद व त्यांच्या कुटुंबीयांना हा अर्ज भरून द्यावा. तिसरी, हंगाम नसताना कार्यस्थळावरच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसायची सोय करावी. कार्यक्षेत्रातले निवृत्त शिक्षक इंग्रजी आणि भूमिती शिकवायला आनंदाने येतील. दोघांनी तर आमच्याकडे नावेही दिली आहेत.

आणि सभासदांकडे एकच मागणे. आज संध्याकाळी ट्रंक उघडा. स्वतःचा, बायकोचा, सुनेचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा. सापडला नाही तर त्या शाळेत अर्ज द्या. अर्जाच्या तारखा पावसाळ्यात येतात. दाखला शोधण्यातच त्या निघून जातात, हा आमचा अनुभव आहे. विषयांची भीती नंतर. आधी दाखला.

लेख पुरा करण्यापूर्वी आम्ही त्या सभासदांच्या घरी गेलो होतो. सूनबाईंनी गुणपत्रिका दाखवली. ती त्यांनी शेअर्स सर्टिफिकेटच्या प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याशेजारी ठेवली आहे. आम्ही म्हणालो, "जागा बरोबर निवडलीत." सासरे हसले. म्हणाले, "समद्या मोलाच्या कागदांची तीच तर जागा हाय."

जय सहकार!